मंत्रिमहोदय, दुबईत गाळा घ्यायला सांगण्याआधी एवढं वाचा

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात नुकतीच आम्हा निर्यातदारांची बैठक झाली. पडद्यावर दुबईच्या जेबेल अलीत उभ्या राहणाऱ्या ‘भारत मार्ट’ या भारतीय मालाच्या बाजारसंकुलाची चित्रं होती. तिकडे गाळा घ्या, गोदाम घ्या, स्वतःची कंपनी काढा, दलालाच्या भरवशावर किती दिवस राहणार, असं सांगणारे अधिकारी अगदी मनापासून बोलत होते. चहाच्या वेळी दिंडोरीकडच्या एका तरुण बागायतदाराने त्यांना गाठून विचारलं, “साहेब, आणि कांद्यावर परत निर्यातबंदी आली तर?” साहेब म्हणाले, हा विषय आजच्या कार्यक्रमात नाही. आजवर जेवढ्या बैठकांना मी बसलो, तेवढ्यांत तो कुठल्याच कार्यक्रमात नव्हता. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते उघडपणे.

मी पिंपळगाव बसवंतचा. द्राक्ष आणि कांद्याचं पॅकहाउस आहे, चौघा भागीदारांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बाहेर देशात पैसा घालायचं खूळ आमच्या डोक्यात कुठून आलं, हे आधी सांगतो. 2010 साली आमच्या जिल्ह्याची द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशांवरून अडली. त्या औषधाला आमच्याकडे सगळे सीसीसी म्हणतात. कंटेनर तिकडे बंदरावर, मालक इकडे फोनवर. आयातदार जे सांगेल ते ऐकायचं, जो दर देईल तो घ्यायचा, माल फेकला म्हणाला तर फेकला समजायचं. बाजारात आपला माणूस उभा नसेल तर काय होतं, ते त्या हंगामात अख्ख्या निफाड-दिंडोरी पट्ट्याने पाहिलं. तेव्हापासून आमच्या मनात एकच होतं: निदान एका बाजारात आपलं स्वतःचं दुकान असावं.

2022 मध्ये योग जुळला असं वाटलं. 1 मे 2022 पासून संयुक्त अरब अमिरातींबरोबरचा सेपा हा व्यापार करार लागू झाला. त्याच वर्षी 22 ऑगस्टला परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आले. पूर्वीपेक्षा सुटसुटीत, हे मान्य करतो. कंपनीच्या निव्वळ मूल्याच्या चौपटीपर्यंत पैसा वेगळी परवानगी न मागता बँकेमार्फत बाहेर नेता येतो. आम्ही त्याच्या पासंगालाही नव्हतो. चौघांनी मिळून पावणेदोन कोटी उभे केले, त्यातले काही एकाने टोमॅटोची पाच एकर जमीन गहाण ठेवून. बँकेने फॉर्म भरून घेतला, रिझर्व्ह बँकेचा युआयएन, म्हणजे परदेशी गुंतवणुकीचा नोंदणी क्रमांक, मिळाला आणि दुबईत शंभर टक्के आमच्या मालकीची एक छोटी कंपनी उभी राहिली. रिझर्व्ह बँक दर महिन्याला परदेशात पैसा नेणाऱ्या भारतीय कंपन्यांची यादी प्रसिद्ध करते. शेकडो कोटींच्या ओळींमध्ये एक ओळ आमची होती. भागीदाराच्या पोराने ती मोबाइलवर काढून गावभर दाखवली.

दुकान अल अवीरच्या घाऊक बाजारात. तिथं भाडं ठरवताना वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. निफाड तालुक्यातलाच एक कृषी पदवीधर मुलगा व्यवस्थापक म्हणून पाठवला, त्याचा व्हिसा, राहणं, सगळं आमच्याकडे. हिशेब साधा होता. द्राक्ष चालतं जानेवारी ते एप्रिल. बाकीच्या दिवसांत गाळ्याचं भाडं काढतो तो कांदा.

आता पुढचं तारीखवार सांगतो, कारण दिल्लीत या तारखा एकत्र मांडून कुणी पाहिल्याचं दिसत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क आलं. लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर किमान निर्यात मूल्य टनाला 800 डॉलर केलं. आम्ही तरीही कमी नफ्यात माल पाठवत राहिलो, कारण नवं दुकान रिकामं ठेवलं की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जातं. 7 डिसेंबरला रात्री अधिसूचना निघाली आणि 8 डिसेंबरपासून निर्यात बंद. जहाजात माल चढायला सुरुवात झाली असेल किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात गेला असेल, तेवढ्यालाच सूट. आमचे दोन कंटेनर न्हावा शेव्याच्या वाटेवर होते. ते ना इकडचे राहिले ना तिकडचे. डिसेंबरातला कांदा लाल. तो साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. महिना संपायच्या आत भाव निम्म्यावर आले. बंदी 31 मार्च 2024 पर्यंत होती, ती पुढे बेमुदत झाली. उठली 4 मे रोजी, तीही 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. आमच्या नाशिक आणि दिंडोरी मतदारसंघांत 20 मे ला मतदान होतं. योगायोग असेल. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 ला ते शुल्कही संपलं.

त्याच काळातली आणखी एक तारीख आहे. 14 फेब्रुवारी 2024. त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते दुबईत ‘भारत मार्ट’ची पायाभरणी झाली. भारतीय मालाला परदेशात हक्काचं दुकान मिळावं म्हणून. आणि त्या दिवशी त्याच शहरात भारतीयांच्या मालकीच्या आमच्या दुकानात भारताचा कांदा नव्हता, कारण भारतानेच तो अडवला होता.

मार्चमध्ये केंद्राने अमिरातींसाठी 14,400 टन कांद्याला परवानगी दिली. पाठवायचा मात्र फक्त एनसीईएल या सहकारी संस्थेमार्फत. थोड्याच दिवसांत आमच्या मुलाने फोटो पाठवला. समोरच्या ओळीतल्या परदेशी व्यापाऱ्याच्या गाळ्यापुढे लाल जाळीच्या गोण्यांची थप्पी, वरच्या गोणीच्या लेबलावर ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’. आमच्या गाळ्यात त्या दिवशी पाकिस्तानचा आणि इजिप्तचा कांदा होता, कारण काहीतरी विकल्याशिवाय पुढचा चेक वटला नसता. फोटोखाली त्याने एवढंच लिहिलं होतं, “काका, ह्यांना कसा मिळाला?” मी काय उत्तर देणार होतो? पुढे एप्रिलमध्ये गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वेगळी वाट मोकळी झाली, तेव्हा तर नाशिकमध्ये कुणी काही विचारायचंही सोडून दिलं.

माझी पहिली तक्रार ही आहे की परदेशातल्या भारतीय गुंतवणुकीला संरक्षण म्हणून जे जे सरकारने केलं, त्यात धोका कायम पलीकडून येणार असं धरलंय. अमिरातींबरोबरचा गुंतवणूक संरक्षण करार 31 ऑगस्ट 2024 पासून लागू आहे. उद्या तिथल्या सरकारने आमच्या दुकानावर अन्याय केला तर दाद मागायला जागा आहे. ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीची परदेशी गुंतवणुकीची विमा योजना आहे. तीत युद्ध, तिथल्या सरकारने मालमत्ता ताब्यात घेणं, पैसे परत पाठवण्यावर निर्बंध, हे धोके धरलेले आहेत. चांगलंच आहे. पण दुबईच्या सरकारने आमचा एक दिरहमही अडवला नाही. आमचं दुकान बुडवलं ते दिल्लीहून निघालेल्या एका पानाच्या अधिसूचनेने, आणि त्या धोक्याला ना करारात कलम आहे, ना विम्यात रकाना.

दुसरी तक्रार कागदांची. परदेशात कंपनी असली की दरवर्षी 31 डिसेंबरच्या आत एपीआर, म्हणजे तिथल्या कंपनीच्या कामगिरीचा अहवाल, बँकेला द्यावा लागतो. शिवाय 15 जुलैच्या आत रिझर्व्ह बँकेचं एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं विवरणपत्र. अहवालासाठी तिथल्या कंपनीचे लेखापरीक्षण झालेले हिशेब हवेत. बंदीच्या वर्षात दुबईच्या कंपनीत फी देण्यापुरतेही पैसे उरले नाहीत, म्हणून ऑडिट अडलं. ऑडिट नाही म्हणून अहवाल नाही. अहवाल नाही म्हणून बँक म्हणाली, नवा पैसा पाठवता येणार नाही. आणि नवा पैसा गेल्याशिवाय ऑडिटची फी भागणार नव्हती. या चक्रातून बाहेर पडायला आम्हाला कोणाकडे आणि कसे हात पसरावे लागले, ते इथे लिहीत नाही. शेवटी अहवाल गेला, साडेसात हजार रुपये विलंब शुल्क भरलं. रक्कम किरकोळ आहे, मला माहीत आहे. पण सरकारने आपल्या हाताने धंदा बंद करायचा आणि बंद धंद्याचा अहवाल उशिरा दिला म्हणून दंडही सरकारनेच घ्यायचा, याला नाशिककडे जो शब्द आहे तो मी खुल्या पत्रात लिहू शकत नाही.

जाता जाता एक सांगतो. हाच पैसा आम्ही चौघांनी कंपनीतून न नेता आपापल्या नावाने नेला असता तर? उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. दुबईतल्या फ्लॅटची प्रदर्शनं हल्ली नाशिकच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी भरतात. गंगापूर रोडवरची मंडळी सहकुटुंब जातात, टोकन देऊन येतात. दहा लाखांवर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो, तोही विवरणपत्र भरलं की करात वळता होतो. त्या फ्लॅटवर कुठलाही मंत्री निर्यातबंदी लावू शकत नाही. चौघांनी चार फ्लॅट घेतले असते तर आज भाडं खात बसलो असतो. देशाचा कांदा विकायला गेलो, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. पैसा बाहेर जाऊ द्यायचा का, हा माझा प्रश्नच नाही, जाऊ द्या. पण बाहेर नेलेला पैसा इथल्या शेतमालाला बाजार मिळवून देणार असेल तर तो फ्लॅटपेक्षा जास्त असुरक्षित का असावा, याचं उत्तर कुणीतरी द्यावं.

तिसरी गोष्ट जरा मोठी आहे. सरकार स्वतः परदेशात पैसा घालतं तेव्हा किती धीर धरतं, ते मी बघत आलोय, आणि त्या धीराबद्दल मला आदर आहे. 13 मे 2024 ला, म्हणजे कांद्यावरची बंदी उठल्यानंतर नवव्या दिवशी, इराणमधल्या चाबहार बंदरासाठी भारताने 10 वर्षांचा करार केला: 12 कोटी डॉलरची गुंतवणूक आणि वर 25 कोटी डॉलरचं कर्ज. अमेरिकेच्या निर्बंधांची तलवार डोक्यावर असताना केला. मोझांबिकच्या रोवुमा वायुक्षेत्रात ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया आणि भारत पेट्रोलियमची कंपनी मिळून 30 टक्के हिस्सा धरून आहेत. 2021 मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला, काम थांबलं, तरी हिस्सा सोडला नाही. रशियातल्या तेलक्षेत्रांचे लाभांश तिथल्याच बँकांत अडकून पडले, तरी कुणी घाई केली नाही. 2024 च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या कॅटामार्का प्रांतात लिथियमचे पाच ब्लॉक घेतले, ते आज ना उद्या बॅटऱ्यांना लागतील म्हणून. परदेशातली गुंतवणूक एका हंगामात फळत नाही, हे दिल्लीला उत्तम कळतं याचे हे पुरावे आहेत. चाबहारसाठी 10 वर्षांचा शब्द देणाऱ्या सरकारला लासलगावसाठी 10 महिन्यांचा शब्द का देता येऊ नये?

शेतमालाच्या बाबतीत असा शब्द देता येत नाही, असंही नाही. तुरीसाठी मोझांबिकबरोबर 2016 मध्ये पाच वर्षांचा समझोता झाला. 2021 मध्ये तो आणखी पाच वर्षं वाढवला, वर्षाला 2 लाख टन. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला पेरताना माहीत होतं की भारत पाच वर्षं गिऱ्हाईक आहे. आमचा शेतकरी रोप टाकतो तेव्हा काढणीला सीमा उघडी असेल की बंद, हे त्याला सोडाच, आपल्या खात्यालाही माहीत नसतं.

शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, यावर माझं दुमत नाही. माझी बहीण भांडुपला राहते, ती मला दरवेळी ऐकवते. पण त्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडचा सरकारी साठा आहे. 2023 मध्ये तोच 3 लाखांवरून 5 लाख टनांवर नेला होता. तो वेळेत बाजारात सोडा, गरिबाला अनुदान द्या, त्यासाठी आमच्यावर रीतसर कर लावायचा तर तोही पेरणीआधी सांगून लावा. एका रात्रीत सगळं बंद करणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे, आणि त्याची किंमत दिल्लीच्या कुठल्याच खात्याच्या हिशेबात लिहिली जात नाही. बंदीची अधिसूचना आपल्या खात्याच्या डीजीएफटी या विदेश व्यापार संचालनालयाची, शुल्क अर्थखात्याचं, आग्रह ग्राहक व्यवहार खात्याचा, आणि दंड रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा. आम्ही दाद कुणाकडे मागायची? म्हणून या पत्राच्या प्रती चौघांनाही जात आहेत.

आमच्या मागण्या अशा:

एक. परदेशात नोंदणीकृत कंपनी असलेल्या, युआयएन क्रमांक असलेल्या शेतमाल निर्यातदाराला कुठल्याही निर्यातबंदीची किमान 60 दिवसांची पूर्वसूचना मिळावी. 60 शक्य नसेल तर 30. पण ती लेखी आणि नियमात लिहिलेली असावी. मंत्र्यांच्या आश्वासनावर कंटेनर भरता येत नाही.

दोन. बंदीच्या काळातही अशा निर्यातदाराला स्वतःच्या परदेशी दुकानासाठी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निर्यातीचा काही हिस्सा पाठवू द्यावा. किती, यावर बसून बोलू. चौथा हिस्सा मिळाला असता तरी आमचं गिऱ्हाईक टिकलं असतं आणि मुंबई-दिल्लीच्या भावावर त्याने तसूभर फरक पडला नसता.

तीन. सरकार-ते-सरकार कांदा पाठवायचाच असेल, तर त्या देशात भारतीयांच्या मालकीची दुकानं आहेत का ते आधी पाहावं आणि विक्रीत त्यांना पहिला हक्क द्यावा. यादी शोधायला जावं लागणार नाही, रिझर्व्ह बँकेकडे तयार आहे.

चार. ज्या वर्षात सरकारने त्या मालाची निर्यात रोखली, त्या वर्षाच्या अहवालाचं विलंब शुल्क माफ व्हावं, आणि निव्वळ तेवढ्या कारणाने नवा पैसा पाठवण्यावर रोख नसावी. तिथलं भाडं, पगार आणि ऑडिट फी एवढ्यापुरती तरी वाट उघडी ठेवा.

पाच. ईसीजीसीच्या परदेशी गुंतवणूक विम्यात ‘मायदेशाने घातलेली निर्यातबंदी’ हा धोका जोडावा. हप्ता आम्ही भरू.

सहा. ‘भारत मार्ट’च्या माहितीपत्रकात एक पान वाढवा. कोणत्या मालावर गेल्या दहा वर्षांत किती वेळा बंदी, शुल्क किंवा किमान मूल्य आलं, त्याचा तक्ता त्यात द्या. म्युच्युअल फंडवाल्यांना जोखमीचा इशारा छापावा लागतो. सरकार स्वतः गुंतवणूक करायला सांगतं तेव्हा त्यालाही तो नियम लागू असायला हवा.

आमचं दुबईचं दुकान अजून आहे. अर्धा गाळा एका केरळी व्यापाऱ्याला पोटभाड्याने दिलाय. दोन भागीदार म्हणतात विकून टाकू. विकलं तर आलेले पैसे 90 दिवसांत भारतात आणायचे, तेही आम्ही आणू. माझं मत अजून विकायचं नाही, पण पुढच्या वर्षाचे चेक लिहायची वेळ आली आहे आणि ते लिहिण्याआधी मला आपलं उत्तर हवं आहे. आपण किंवा आपल्या खात्याचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी पिंपळगावला यावेत. लिलाव संपल्यावर, दुपारी चारनंतर, बाजार समितीच्या आवारात आम्ही शेतकरी आणि निर्यातदार जमू. वरच्या सहा मागण्यांवर प्रत्येकी हो किंवा नाही, एवढंच त्या बैठकीत ऐकायचं आहे.

कळावे,
आपला,
एक कांदा-द्राक्ष निर्यातदार
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी:
मा. केंद्रीय अर्थमंत्री
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक
नाशिक व दिंडोरीचे मा. खासदार